तारखेचा मास्क आणि १ जूनचे वाढदिवस

महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेली माणसं इतकी कशी, हे तुम्हाला ठाऊक असेलच. घरी जन्माची नोंद नसायची, शाळेच्या रजिस्टरला तारीख मात्र हवीच; मग गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. रकाना भरला, माहिती नव्हतीच.

डेटा एन्ट्रीच्या ग्रिडमध्ये तारखेच्या कॉलमला आपण जो इनपुट मास्क लावतो, त्यावर माझा आक्षेप नेमका हाच आहे. ९९/९९/९९९९ हा मास्क फक्त साचा बघतो. ३१/०२/१९०२ तो निमूट घेतो. ०६/०७/१९०२ म्हणजे ६ जुलै की ७ जून, हे त्याला कळत नाही. जावास्क्रिप्ट तीच ओळ ७ जून अशी वाचते. शिवाय पूर्ण तारीखच हवी असा हट्ट धरला, की फक्त वर्ष माहीत असलेला माणूस ०१/०१ ठोकून देतो. नंतर आलेखात १ जानेवारीचा उंच खांब दिसतो आणि आपण त्याची कारणं शोधत बसतो!

मास्कमुळे टायपिंग सोपं होतं, स्लॅश आपोआप पडतो. एवढं श्रेय त्याला द्या. तपासणी वेगळी लिहावी लागते.

इतिहासवाल्यांची अडचण आणखी मोठी. शाहू महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा हुकूम २६ जुलै १९०२ चा. तो साच्यात बसतो. पण शिवजन्माची तिथी बघा: फाल्गुन वद्य ३, शके १५५१. आपण लिहितो ती १९ फेब्रुवारी १६३० ही ज्युलियन तारीख. ग्रेगोरियन पद्धतीने तीच १ मार्च होते. कोणतं कॅलेंडर, हे मास्क विचारतच नाही.

मग करायचं काय? एका कॉलमऐवजी तीन ठेवा. पहिल्यात मूळ नोंद जशीच्या तशी, मास्क न लावता. दुसऱ्यात रूपांतरित तारीख, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. इथे मास्क चालेल, पण रिकामं सोडायची मुभा हवी. तिसऱ्यात कॅलेंडर आणि खात्री: नक्की, अंदाजे की फक्त वर्ष.

काम थोडं वाढतं, खरंय. पण रूपांतर चुकलं तर पहिल्या कॉलमवरून ते पुन्हा करता येतं. मूळ नोंदच ठेवली नसेल, तर पुन्हा दप्तरखान्यात जाण्यावाचून इलाज नाही.