बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीतील शिलालेख : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीविषयी जे लेखन होते, त्यात तेथील संस्कृत शिलालेखाचा उल्लेख हमखास असतो. मशिदीत संस्कृत लेख आहे, म्हणून ती सलोख्याचे प्रतीक होय, एवढे सांगून बहुतेक लेखक थांबतात. परंतु याच मशिदीच्या दक्षिणेकडील मिनारावर अकबराच्या असीरगड-विजयाचा फारसी लेखही आहे. एक लेख बांधणाऱ्याचा, दुसरा जिंकणाऱ्याचा. हे दोन्ही लेख एकत्र वाचल्याशिवाय या वास्तूचा अर्थ पुरता उलगडत नाही, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

वास्तू

खानदेशचा फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजेच राजा अली खान, याने ही मशीद बांधविली. काळ्या दगडाच्या दर्शनी भागात १५ कमानी असून दोन्ही टोकांना उंच मिनार आहेत. छतावर घुमट नाही. त्यामुळे नजर वर न जाता कमानींच्या रांगेवरून सरकत राहते. आकाराने भव्य असूनही वास्तूत दिखाऊपणा नाही.

अरबी व संस्कृत लेख

अरबी लेखात हिजरी ९९७ हे वर्ष आहे. त्याच्या जोडीचा संस्कृत लेख संवत् १६४६, शके १५११, म्हणजे इ.स. १५९० च्या जानेवारीतील आहे. संस्कृत लेख हा अरबीचा अनुवाद नव्हे, ही बाब महत्त्वाची आहे. त्याचा आरंभ सृष्टिकर्त्याला वंदन करून होतो. तो ईश्वर अव्यक्त, व्यापक व गुणातीत असल्याचे वर्णन येते. एकेश्वरवादी श्रद्धेला न दुखावणारी आणि संस्कृत जाणणाऱ्यालाही परकी न वाटणारी अशी ही शब्दयोजना आहे. पुढे फारुकी घराण्याची वंशावळ येते आणि तिथी, वार, नक्षत्र, योग व करण यांसह पंचांगातील मुहूर्त दिला आहे. सुलतानाचे नाव ‘एदल’ असे येते; विजापूरच्या आदिलशहालाही मराठी कागदपत्रे ‘एदलशहा’ म्हणतात. मशिदीला ‘मसीति’ हा शब्द वापरला आहे. राजाने ती स्वधर्माच्या पालनासाठी बांधली, असे लेख सांगतो. स्वतःचा धर्म स्पष्टपणे सांगून तो प्रजेच्या एका वर्गाच्या विद्वत्भाषेत नोंदविणे, हे या लेखाचे खरे वैशिष्ट्य आहे. ‘सलोखा’ या एका शब्दात ते मावत नाही.

विजयाचा लेख

राजा अली खानाने मोगलांचे वर्चस्व मान्य केले होते. इ.स. १५९७ मध्ये सोनपेठच्या लढाईत तो दख्खनी सैन्याविरुद्ध मोगलांच्या बाजूने लढताना मारला गेला. तो शत्रूला मिळाला अशा समजुतीने मोगल सैनिकांनी त्याचीच छावणी लुटली. नंतर रणांगणावर त्याचे प्रेत सापडले. त्याचा मुलगा बहादूर खान याने शाहजादा दानियालला भेटण्याचे टाळून असीरगडाचा आश्रय घेतला. अकबराने गडाला वेढा दिला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. बहादूर खानाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली.

या विजयाचा लेख मीर मुहम्मद मासूम ‘नामी’ याने सिद्ध केला. त्याच मोहिमेचे स्मरण मांडूच्या नीलकंठ येथे आणि फत्तेपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजावरही कोरलेले आहे. बुलंद दरवाजा ही विजेत्याचीच वास्तू होती. बुऱ्हाणपूरला मात्र मोगलांसाठी प्राण दिलेल्या राजाच्या मशिदीवर त्याच्याच घराण्याच्या पाडावाची नोंद झाली. गड कसा पडला याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. अबुल फजल गडावरील रोगराईचा उल्लेख करतो, तर जेझुइट वृत्तांत वचनभंग व लाचलुचपतीचा आरोप करतात. विजयलेखाकडून या वादाचा निर्वाळा मिळण्याची अपेक्षा ठेवता येत नाही. वेढ्यात मेलेल्या सामान्य शिपायांनाही अशा लेखांत जागा नसते.

तरीही एक गोष्ट विजेत्याच्या बाजूने नोंदविली पाहिजे. फारुकी वंशावळीचा लेख मोगलांनी खोडला नाही. घराण्याची सत्ता गेली, तिचे नाव भिंतीवर राहिले.

निष्कर्ष

युद्धस्मारक म्हणजे मुद्दाम उभारलेला स्तंभ, अशी व्याख्या केल्यास ही मशीद त्यात बसणार नाही. परंतु युद्धाची स्मृती अनेकदा आधीच्या वास्तूवर लिहिली जाते, आणि तेव्हा वास्तूचा अर्थ बदलतो. महाविद्यालयीन अध्यापकांनी विद्यार्थ्यांना येथे नेताना केवळ संस्कृत लेख दाखवून परतू नये. प्रत्येक लेख कोणी, कोणासाठी, कोणत्या भाषेत कोरला आणि त्यात काय वगळले, हे चार प्रश्न दोन्ही लेखांना विचारावेत. सलोख्याचा गौरव जरूर करावा. पण ज्याने तो दगडावर कोरविला, त्याच्या घराण्याचे पुढे काय झाले, हेही त्याच भेटीत सांगावे.