फुलांतील कुत्रा : एका छायाचित्र-प्रकाराचे व्याकरण

मराठीत आपण 'मी फुले पाहिली' असे म्हणतो. 'मी फुलांना पाहिले' असे सहसा म्हणत नाही. कुत्र्याच्या बाबतीत मात्र दोन्ही रचना संभवतात. 'मी कुत्रा पाहिला' ह्या वाक्यात कोणता तरी एक कुत्रा दृष्टीस पडला, एवढाच अर्थ आहे. 'मी कुत्र्याला पाहिले' ह्यात एका विशिष्ट, सजीव प्राण्याची दखल घेतली गेली आहे. पहिले वाक्य कर्मणी प्रयोगाचे, दुसरे भावे प्रयोगाचे. व्याकरणातील हा भेद चित्रसमीक्षेत आणणे काहींस विक्षिप्त वाटेल. तथापि युरोप-अमेरिकेत उन्हाळी फुलांत बसवून कुत्र्यांची जी छायाचित्रे घेण्याचा प्रघात आहे, त्यांच्या परीक्षणास त्याच्याइतके उपयुक्त साधन आम्हांस दुसरे सुचत नाही.

ह्या प्रकाराचे संकेत आता पक्के झालेले आहेत. तांबड्या पॉपींचे, लव्हेंडरचे वा सूर्यफुलांचे शेत. सकाळचे वा सायंकाळचे कललेले ऊन. कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर उतरविलेला कॅमेरा. आणि ८५ ते २०० मिलिमीटरचे भिंग एफ २.८ इतके उघडे, जेणेकरून पुढची व मागची फुले विरघळून रंगाचे नुसते डाग उरावेत. ह्यामागील कारागिरी उपेक्षणीय नाही. काळ्या कुत्र्याच्या केसांतील छटा राखू जावे, तर पांढऱ्या डेझी जळून जातात. गवताची हिरवी झाक हनुवटीखाली चढते ती निराळीच. प्रश्न कौशल्याचा नसून, त्या कौशल्याने कोणते विधान केले जाते, हा आहे.

कॅमेरा खाली आणल्याने आपण कुत्र्याच्या दृष्टीने जग पाहतो, असे ह्या प्रकाराचे समर्थन केले जाते. ते टिकत नाही. नाइट्झ, गाइस्ट व जेकब्स ह्यांनी १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून कुत्र्याच्या डोळ्यांत रंगग्राही शंकुपेशींचे दोनच प्रकार असल्याचे दिसून आले. त्यांची कमाल संवेदनक्षमता सुमारे ४३० व ५५५ नॅनोमीटर ह्या तरंगलांबींजवळ आहे. तांबडे व हिरवे ह्यांतील भेद त्याला आपल्यासारखा जाणवत नाही. म्हणजे पॉपींच्या शेतातील जो विरोध चित्राचा प्राण, तो चित्रविषयास जवळजवळ अगोचर! उंची कुत्र्याची, पण रंग सर्वस्वी माणसाचे. फुले येथे विशेषणासारखी येतात, आणि त्यांच्या संगतीने कुत्राही विशेषणवत् होतो. सोनेरी केस हे जांभळ्याला पूरक म्हणून निवडले जातात. हा 'कुत्रा पाहिला' ह्या वाक्याचा प्रांत होय. ह्या दृष्टीचा परिणाम केवळ सौंदर्यशास्त्रीय राहत नाही. उत्तर युरोपातील बागांत जून-जुलैमध्ये फुलणारे फॉक्सग्लोव्ह चित्रास फार शोभते. ते कुत्र्याच्या हृदयास विषारी आहे.

ह्याउलट एलियट अर्विट (१९२८–२०२३) ह्यांची चित्रे पाहावीत. त्यांत फुले नाहीत आणि रंगही नाही. १९४६ च्या न्यू यॉर्कमधील प्रसिद्ध चित्रात स्वेटर घातलेला एक चिवावा आणि शेजारी स्त्रीची पावले एवढेच आहे. १९७४ च्या चित्रात स्त्रीच्या बुटांशेजारी दोन लांब पाय दिसतात. ते ग्रेट डेनचे आहेत हे क्षणभराने उमगते, आणि टोपी घातलेला चिवावा मात्र सरळ आपल्याकडे पाहत असतो. येथेही कॅमेरा खालीच आहे. परंतु तो खाली आल्यामुळे माणूस चौकटीबाहेर गेला. व्याकरणाच्या भाषेत, उद्देश्य बदलले. कुत्र्यांनी प्रतिसाद द्यावा म्हणून अर्विट स्वतः भुंकत असत. ही गंमत म्हणून सांगितली जाते. आम्हांस ती पद्धती वाटते. भुंकण्यास उत्तर मिळाले की 'ला' हा प्रत्यय आपोआप लागतो.

विल्यम वेगमन ह्यांचे उदाहरण आमच्या मताविरुद्ध पुढे केले जाईल. त्यांनी १९७० पासून आपल्या वायमरानर कुत्र्यांना, त्यांत प्रथम 'मॅन रे' ह्यास, वाटेल त्या स्थितीत बसविले. पुढे वेषही चढविले. पॉपींच्या शेताहून हे अधिक कृत्रिम नव्हे काय? निःसंशय आहे. पण वेगमन ती कृत्रिमता लपवीत नाहीत. कुत्र्याने सोसलेले स्तब्धपण, आज्ञा व आज्ञापालन ह्यांतील ताण, हाच त्या चित्रांचा विषय होतो. फुलांच्या चित्रात 'बस' ही आज्ञा पुसून टाकलेली असते, आणि कुत्रा आपल्या इच्छेने तेथे रमला आहे असा आभास निर्माण केला जातो.

फुलांत कुत्रा खरोखर रमतो तो नाकाने. देठ बाजूस सारून, मान खाली घालून तो मातीजवळचा वास घेतो; पाठ तेवढी वर दिसते, आणि परागाने माखलेले शेपूट. अशीही छायाचित्रे निघतात. निवडीच्या वेळी ती बाजूस पडतात, कारण त्यांत डोळे येत नाहीत.