वंशावळींतील नामपुनरुक्ति

शिरूर व दौंड तालुक्यांतील वंशावळी तपासतांना एकच नांव दोनदां आलें, कीं दुसरें लेखकप्रमाद समजून गाळण्याची प्रवृत्ति दिसते. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं.

स्पेन देशांत मृत बालकाचें नांव पाठच्या भावास देत. चित्रकार साल्वादोर दाली (जन्म १९०४) यास १९०३ त वारलेल्या वडील भावाचेंच नांव मिळालें. आपल्याकडे मुलें जगत नसल्यास पाठच्यास धोंडू, दगडू, केरू अशीं हीन नांवें ठेवून मृत्यूची दृष्टि चुकवीत. मृत भावाचें नांव मात्र पुढील पिढींत आदरानें चाले. कनकगिरीस पडलेल्या वडील बंधूंचें नांव शिवछत्रपतींनीं १६५७ त जन्मलेल्या पुत्रास दिलें. तेच संभाजीराजे १६८९ त मारले गेले. त्यांची समाधि शिरूर तालुक्यांत वढू बुद्रुक येथें आहे. पुढें राजाराममहाराजांस राजसबाईंपासून १६९८ त पुत्र झाला, तोहि संभाजीच. शाहूंशीं १७३१ त वारणेचा तह झाला तो याचाच. लागोपाठ तीन पिढ्यांत तीन संभाजी! यांतील एक गाळल्यास पत्राचा काल पिढीभर चुकेल, व एकाचें कृत्य दुसऱ्याच्या माथीं बसेल.

तस्मात् नामसाम्य दिसतांच पितृनाम, मातृनाम व शक ताडून पाहावे. मूळ पाठ जसाचा तसा छापून शंका टीपेंत द्यावी. धोंडी आढळल्यास त्याच्या आधींचीं, नोंद न झालेलीं भावंडें शोधावीं. परंतु तें नांव आजोबांचें म्हणूनहि चालत असल्यामुळें केवळ नांव हें प्रमाण नव्हे. संशोधकाच्या लेखणीनें गाळलेला मनुष्य दुसऱ्यांदा मरतो.