सहा दिवसांत अब्जावधी वर्षं: जुळवून आणलेलं गणित कसं ओळखायचं?

गृहीतक म्हणजे काय, ते तपासता येण्याजोगं का असावं, हे तुम्ही पेट आणि सेटसाठी पाठ करताच. आज तेच एका पुस्तकावर वापरून बघू. पुस्तक आहे जेराल्ड श्रोडर यांचं 'द सायन्स ऑफ गॉड' (१९९७). श्रोडर हे एमआयटीत शिकलेले भौतिकशास्त्रज्ञ आणि धर्मनिष्ठ ज्यू.

आधी प्रश्न समजून घ्या. ज्यू पंचांगात वर्षं मोजतात ती सृष्टीच्या निर्मितीपासून. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचं ५७८६ वं वर्ष लागलं. हे आपल्यापासून फार लांबचं नाही बरं. अलिबाग, पेण, रेवदंड्याकडचे बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. तो शनिवार येतो कुठून? देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला, या कथेतून. इकडे विज्ञान विश्वाचं वय सांगतं सुमारे १३.८ अब्ज वर्षं. मग मेळ कसा घालायचा?

श्रोडर म्हणतात, दोन्ही खरं आहे. विश्व प्रसरण पावतं तशी त्यातल्या प्रकाशाची लहर ताणली जाते. क्वार्क एकत्र येऊन प्रोटॉन बनले त्या क्षणापासून आजपर्यंत हा ताण सुमारे १ लाख कोटी पट आहे. म्हणजे त्या क्षणाच्या घड्याळाने सहा दिवस, तर आपल्या घड्याळाने ६ लाख कोटी दिवस, म्हणजेच साधारण १६ अब्ज वर्षं. पुढे ते पहिला दिवस ८ अब्ज वर्षांचा, दुसरा ४ चा, असं निम्मं-निम्मं करत १५.७५ अब्जांवर येतात.

वाचताना भारी वाटतं. पण थांबा, वही घ्या. घड्याळ त्याच क्षणी का लावलं? अणू बनून प्रकाश मोकळा झाला तो क्षण घेतला, तर ताण फक्त ११०० पट. ६ गुणिले ११०० म्हणजे ६६०० दिवस, फक्त १८ वर्षं! कोणता क्षण घ्यायचा हे मूळ ग्रंथ सांगत नाही, भौतिकशास्त्रही सांगत नाही. तो ठरवला लेखकाने, आणि उत्तर किती यायला हवं हे आधीच माहीत होतं. दुसरी गोष्ट, हाच हिशेब पुढे नेला तर तिसरा दिवस संपतो पावणेदोन अब्ज वर्षांपूर्वी. कथेत त्या दिवशी फळझाडं उगवतात. जमिनीवरच्या वनस्पती मात्र सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीच्या. मग म्हणावं लागतं की 'झाडं' म्हणजे शेवाळाची सुरुवात. अडलं तिथे अर्थ वाकवायचा, तर मग हे गृहीतक चुकणार तरी कधी?

आता हसू नका, कारण हाच उद्योग आपल्याकडेही चालतो. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४.३२ अब्ज वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४.५४ अब्ज, 'बघा, पूर्वजांना माहीत होतं!' असे मेसेज तुमच्याही ग्रुपवर येतात. पृथ्वीच्या वयातली अनिश्चितता सुमारे ५ कोटी वर्षांची आहे आणि इथला फरक २२ कोटींचा. शिवाय पंचांगाच्याच हिशेबाने या कल्पाची १.९७ अब्ज वर्षंच उलटलीत. म्हणजे हा मेळ परंपरेलाही धरून नाही.

खरा मेळ कसा दिसतो? शिरूर अनंतपाळात विहीर खोदा, काळी माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. दख्खनच्या या लाव्ह्याचं वय आर्गॉनवरून काढलं, आणि वेगळ्या पद्धतीने, झिरकॉनमधल्या युरेनियम-शिशावरूनही काढलं. दोन्हीकडून उत्तर येतं सुमारे ६.६ कोटी वर्षं. एका घड्याळाला दुसऱ्याचं उत्तर माहीत नव्हतं, म्हणून त्या जुळण्याला किंमत आहे.

मग श्रद्धेचं काय? ज्यू परंपरेतच याहून प्रामाणिक वाट आहे. १२व्या शतकात मायमोनिडीझने लिहून ठेवलं की विश्व अनादी असल्याचं पक्कं सिद्ध झालं असतं, तर ग्रंथवचनांचा लाक्षणिक अर्थ घेता आला असता. त्याने वचनाला आकडा चिकटवला नाही. ही वाट सोपी मात्र नाही. विश्वाचं प्राचीन वय मान्य करणाऱ्या नेतन स्लिफकिन या रब्बींच्या पुस्तकांवर २००४-०५ मध्ये कट्टर धर्मगुरूंनी बंदी घातली होती. श्रोडर यांचं पुस्तक माणसाला या ताणातून सोडवू पाहतं, त्यांचा हेतू चांगलाच आहे. पण घाणा शनिवारी बंद ठेवायला १५.७५ अब्जांचा आधार कधीच लागला नव्हता. आकडा टेकू म्हणून लावला की तो बदलल्यावर श्रद्धाही हलते आणि विज्ञानही बदनाम होतं.

तुमच्या सिनॉप्सिसलाही हेच लागू आहे. हवं ते उत्तर आलं की आनंद होतोच. त्या आनंदात एकदा सुरुवातीचा बिंदू बदलून गणित परत करा. उत्तर मोडलं, तर गाईडने विचारायच्या आधी तुम्हालाच कळलेलं बरं.