वाकड्या लाकडाचा रस

देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मानलं जातं. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाचं नावही संत चोखासागर. या मुलखात चोखोबांचा उसाचा अभंग कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पण तोच अभंग इंग्रजीतून फ्रेंचमध्ये न्यायचा म्हटलं, तर त्याचे किती पदर उलगडतात आणि किती गळतात, हे बघण्यासारखं आहे. वारकरी वाणी फ्रेंचला अगदीच परकी नाही. गी देलरी यांनी तुकोबांचे अभंग १९५६ साली फ्रेंचमध्ये आणले. चोखोबांचे अभंग रोहिणी मोकाशी-पुणेकर यांनी 'ऑन द थ्रेशोल्ड' या पुस्तकात इंग्रजीत नेले आहेत. मराठी न येणारा फ्रेंच अनुवादक चोखोबांपर्यंत पोचायचा तो अशाच इंग्रजीच्या वाटेने.

अभंगाची बांधणी साधी आहे. ऊस, कमान, नदी आणि शेवटी खुद्द चोखा, असे चार दाखले. चौघंही वाकडे, पण उसातला रस, कमानीवरचा तीर, नदीतलं जळ आणि चोख्याच्या मनातला भाव वाकडा नाही. मग वरच्या रंगाला काय भुललास, असा सवाल. वाकड्यासाठी चोखोबांचा शब्द आहे 'डोंगा'.

इंग्रजीत इथे 'क्रुकेड' हा शब्द चटकन सुचतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. इंग्रजीत दात क्रुकेड असतात, पायवाट क्रुकेड असते आणि पैसे खाणारा कारकूनही क्रुकेड असतो. उसाला हे विशेषण चालून जातं, पण चोख्याला लावलं की तो लबाड ठरायला लागतो. फ्रेंचमध्ये हा दुटप्पीपणा चालत नाही, तिथे निवड करावीच लागते. 'कुर्ब' म्हणावं तर ते भूमितीच्या वहीतलं वळण, त्यात कुणाची हेटाळणी नाही. 'तोर्द्यू' म्हणजे पिळवटलेला, आणि माणसाला म्हटलं की डोकं फिरलेला. लबाडासाठी जो 'व्हेरो' आहे त्याचा मूळ अर्थ किडका, आतून कीड लागलेल्या फळासारखा. हा शब्द घातला की अभंग पार उलटा होतो. चोखोबा सांगतात वरून वाकडा, आतून निका. 'व्हेरो' म्हणतो वरून बरा, आतून नासका.

माझ्या मते इथे जुन्या फ्रेंचमधला 'तोर्त्यू' घ्यावा. तो आज फारसा बोलण्यात नाही, पण 'डोंगा' तरी कुठे रोज बोलतो आपण? आणि या शब्दाची गंमत अशी, की फ्रेंच लोक चेष्टेने द्राक्षवेलीला 'ब्वा तोर्त्यू' म्हणत. ब्वा म्हणजे लाकूड. म्हणजे वेल हे वाकडं लाकूड, आणि दारू त्या वाकड्या लाकडाचा रस! चोखोबांचा ऊस तिकडे द्राक्षाच्या मळ्यात आधीच उभा होता. वारकऱ्याच्या अभंगाला दारूच्या गुत्त्यातली बोली कामी यावी, याचं मला तरी वावगं वाटत नाही.

दुसरा दाखला कमानीचा, आणि चौघांत तो मला सगळ्यांत खोल वाटतो. उसाच्या वाकडेपणाचा रसाशी संबंध नाही. ऊस सरळ असता तरी रस तोच. कमानीचं तसं नाही. ती वाकल्याशिवाय तीर सुटतच नाही. इथे वाकडेपणाकडे काणाडोळा करून भागत नाही, सरळ जाणं त्याच्यातूनच जन्मतं. इंग्रजीत 'बो' म्हटलं की अक्षरं तीच ठेवून, फक्त उच्चार बदलून 'वाकून नमस्कार करणे' हाही अर्थ समोर येतो. देवळात शिरायची बंदी असलेल्या माणसाच्या तोंडी असा शब्द, ही इंग्रजीने दिलेली फुकटची भेट. फ्रेंचमध्ये ती जाते, कारण तिथे धनुष्य म्हणजे 'आर्क', त्यात नमस्कार नाही. पण पॅरिसची विजयाची कमानही 'आर्क'च! मराठीत धनुष्यही कमान आणि वेशीवरची कमानही कमान. इंग्रजीला त्यासाठी दोन शब्द लागतात. वाटेत सांडलेलं फ्रेंचने उचलून परत दिलं. महाद्वाराबाहेर उभ्या असलेल्या चोख्याला ही दुसरी कमान दिसत असणारच, असं मला हा दाखला वाचताना वाटत राहतं.

नदीपाशी मात्र अनुवादकाची फजिती आहे. मराठीत डोंगा, डोंगी, डोंगे अशी तिन्ही लिंगं फिरतात. इंग्रजी 'क्रुकेड' सगळीकडे तस्संच. फ्रेंच विशेषणालाही लिंग असतं, म्हणून हायसं वाटतं, तोच लक्षात येतं की 'तोर्त्यू'चं स्त्रीलिंगी रूप कागदावर थेट कासव होतं. इंग्रजीतली 'रिव्हर' फ्रेंचमध्ये पुन्हा दोन होते: थेट समुद्राला मिळणारी 'फ्लव्ह', पुल्लिंगी, आणि दुसऱ्या नदीत जाणारी 'रिव्हिएर', स्त्रीलिंगी. गोदावरी असती तर 'फ्लव्ह' म्हणून सुटका झाली असती. पण चंद्रभागा म्हणजे भीमा, ती कृष्णेला मिळते. आपल्या खडकपूर्णेचं पाणीही गोदावरीतूनच समुद्राला जातं. दोन्ही 'रिव्हिएर', दोन्ही कासवं. विठोबाच्या वाटेवर कासव भेटणं तसं अशुभ नाही, पण अभंगात त्याचं काम नाही. इथे 'नागमोडी' अर्थाचा दुसरा शब्द घ्यावा आणि पुढे जावं.

रसाबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. इंग्रजी 'ज्यूस' आणि फ्रेंच 'ज्यू' उसापुरते ठीक आहेत. संस्कृत काव्यशास्त्रातल्या रसाला रने दोमाल यांनी चवीचा फ्रेंच शब्द, 'साव्हर', वापरला होता. मराठीच्या एका शब्दात रसवंतीतला पेलाही मावतो आणि कवितेतला स्वादही. तिकडे कुठल्याही एका शब्दात दोन्ही मावत नाहीत, तेव्हा पेला घ्यावा, स्वाद सोडावा.

उरला शेवटचा दाखला. चोखा म्हणजे शुद्ध, निर्भेळ. ज्याला समाज अशुद्ध म्हणतो त्याचं नावच शुद्ध, आणि त्याच नावाला तो स्वतः 'डोंगा' हे विशेषण जोडतो. इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये ते नुसतं विशेषनाम उरतं, त्याला इलाज तळटीपेचाच. पण भावाच्या ठिकाणी फ्रेंच अनुवादकाला एक भारी मोह पडेल. इंग्रजी 'राइट'सारखाच फ्रेंच 'द्र्वा' म्हणजे उजवा आणि हक्कही, शिवाय सरळ, प्रामाणिक आणि कायदासुद्धा. चोख्याचा भाव 'द्र्वा' आहे, एवढं लिहिलं की पायरीबाहेर ठेवलेल्या माणसाचा हक्कही ओळीत येऊन बसतो. वाचक खूश, समीक्षक त्याहून खूश.

तरी ते करू नये. अख्ख्या अभंगात चोखोबा कशालाच 'सरळ' म्हणत नाहीत. ते फक्त 'डोंगा नाही' म्हणतात, आणि तेही आधी डोंगेपण कबूल करून. सरळपणाचा दावा केला असता तर तो सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावर आलं असतं. नकार ठेवल्यामुळे जाब ऐकणाऱ्याला द्यावा लागतो. आणि तो जाब एकेरीत मागितलेला आहे. इंग्रजी 'यू'मध्ये समोर देव आहे, बडवा आहे की सगळा गाव, काहीच कळत नाही. फ्रेंचमध्ये 'तू' म्हटलं की 'तू'च.