फिरंग आणि तिची प्रतिकृती : एक चिकित्सक टिपण

प्रतिकृती ही निव्वळ नक्कल नसते. मूळ वस्तूत महत्त्वाचे काय, याविषयीचे ते एक भाष्यच असते. या दृष्टीने प्रस्तुत टिपणात मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीच्या आधुनिक प्रतिकृतींचा विचार केला आहे.

मध्ययुगीन युरोपातील नाइटची तलवार सरळ, दुधारी आणि क्रुसाकार मुठीची होती. एवर्ट ओकशॉट यांनी पात्याची घडण, पन्हळ व मूठ यांच्या आधारे तिचे वर्गीकरण केले. एकहाती तलवारीचे वजन साधारणतः १ ते १.५ किलो असे. टोकाकडे पाते निमुळते व पातळ होत गेल्याने तिचा तोल मुठीजवळ राही. तिच्याच परंपरेतील पुढच्या काळची सरळ पाती सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व इतर व्यापाऱ्यांमार्फत पश्चिम किनाऱ्यावर उतरली. मराठ्यांनी परक्या पात्यावर हाताचे रक्षण करणारी आपली मूठ चढविली. पात्याचे मूळ मात्र त्यांनी झाकले नाही. ‘फिरंग’, ‘आलेमानी’ ही नावेच त्याची साक्ष देतात. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळविलेली पहिल्या रघूजी भोसले यांची तलवारही याच प्रकारची आहे. तिचे पाते युरोपीय बनावटीचे असून त्यावर देवनागरी लेख सोन्याने कोरलेला आहे.

आजच्या अनेक प्रतिकृतींत नेमके हेच हरवते. स्टेनलेस स्टीलचे एकसारख्या जाडीचे पाते, मुठीत शिरणारी बारीक सळई आणि भरपूर नक्षी, एवढ्यावर त्या थांबतात. युरोपातील शोभेच्या तलवारींतही हाच दोष आढळतो. आपल्याकडे त्यात आणखी एका उणिवेची भर पडते. पाते कोठून आले याचा निर्देशच नसल्याने सागरी व्यापाराचा इतिहास पुसला जातो.

प्रतिकृती श्रद्धेचे प्रतीक असल्याने तिला अचूकतेची अट नको, असा आक्षेप संभवतो. देव्हाऱ्यापुरता तो ग्राह्य आहे. परंतु तीच वस्तू शाळेत वा संग्रहालयात मांडली जाते, तेव्हा विद्यार्थी तिला पुरावा मानतो. म्हणून प्रतिकृतीसोबत मूळ वस्तूचा निर्देश, लांबी, वजन, तोलबिंदू आणि पात्याचे उगमस्थान नोंदविणे आवश्यक ठरते. परके पाते स्वीकारून ते आपल्या हाताला जुळविण्यात मराठ्यांचे युद्धकौशल्य दिसते. ते दडविल्याने गौरव वाढत नाही, उलट इतिहास उणा होतो.