अर्पणाची भाषा आणि दोन विधवा

पवित्र मिस्सातील अर्पणविधीच्या वेळी वेदीवर भाकर व द्राक्षारस उचलला जातो, आणि त्याच वेळी खाली बाकांमधून पिशवी फिरत असते. गायकवृंद गीत गात असतो. आईने दिलेले नाणे लहान मुलाच्या मुठीत घट्ट धरलेले असते. या चार-पाच मिनिटांत आपला समाज देण्याविषयी काय मानतो, हे दीर्घ प्रवचनापेक्षा अधिक स्पष्टपणे उमटते. उपासनेतील प्रार्थना, गीते व प्रवचने हेही आपले साहित्यच आहे. किंबहुना आपल्या बहुसंख्य कुटुंबांच्या कानांवर आठवड्यातून एकदा नेमाने पडणारे ते एकमेव साहित्य असेल. म्हणूनच या अर्पणाच्या भाषेची समीक्षा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या समीक्षेसाठी आम्ही पारोळा व भोवतालचा खानदेश समोर ठेवतो, तो सकारण. धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या महामार्गावरील हे तालुक्याचे गाव. बोरी नदीवर तामसवाडीचे धरण आहे खरे, तरी या भागातील बरीचशी शेती आभाळाकडे डोळे लावून बसलेली असते. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर कपाशी पोखरली आणि पुढच्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी शासनाने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत खानदेशातील तालुकेही होते. त्यानंतर अकराव्या दिवशी, ११ नोव्हेंबरला, सामान्य काळातील ३२ वा रविवार आला. त्या दिवशीच्या नेमलेल्या वाचनांत दोन विधवांच्या कथा होत्या. एक, एलिया संदेष्ट्याला भाकर करून देणारी सारफथची विधवा. दुसरी, मंदिराच्या भांडारात दोन टोल्या टाकणारी यरुशलेमची विधवा. तीन वर्षांच्या वाचनचक्रात हीच वाचने २०२१ व २०२४ मध्ये पुन्हा आली, आणि ती येतात नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत. बियाण्याची व खताची उधारी अद्याप न फिटलेला माणूस अशा रविवारी बाकावर बसून ती ऐकत असतो. त्याच्या कानांवर कोणता शब्द पडतो, हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

देण्यासाठी आपण उपासनेत प्रामुख्याने तीन शब्द वापरतो: दान, वर्गणी आणि कारभार. यांतील 'दान' हा शब्द थोर परंपरेचा आहे. परंतु त्यात देणारा वर आणि घेणारा खाली असे चित्र दडलेले असते. जे दिले ते माझे होते, असे गृहीत धरल्यावाचून दान संभवत नाही. 'वर्गणी' हा शब्द सणासुदीच्या आणि मंडळाच्या व्यवहारातून आला. त्यात समान वाटा आहे, पावती आहे, आणि न देणाऱ्याकडे वळणारी नजरही आहे. या दोहोंहून निराळा शब्द मराठी बायबलने आपल्या हाती ठेवला आहे, तो 'कारभारी'. लूकच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायात तो येतो, संत पौल करिंथकरांना लिहिताना तो योजतो, आणि संत पेत्राच्या पहिल्या पत्रात सर्व श्रद्धावंतांनाच कृपेचे कारभारी म्हटले आहे. हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांत अजून जिवंत आहे. घरधन्याला 'कारभारी' म्हणून हाक मारणारी पिढी अजून पाहावयास मिळते. कारभाऱ्याच्या हाती किल्ल्या असतात, मालकी नसते. त्याने वेळेवर शिधा वाटावा आणि विचारले जाईल तेव्हा हिशेब द्यावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते.

मालकीचे आयुष्य केवढे असते हे पारोळेकरांना शिकवावे लागत नाही. गावातील भुईकोट किल्ला १७२७ साली जहागीरदार हरि सदाशिव दामोदर यांनी बांधला, असे सांगितले जाते. झाशीच्या नेवाळकर घराण्याशी या जहागिरीचे नाते होते. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी ती जप्त केली. जहागीर गेली, जप्त करणारेही गेले. बुरूज उभे आहेत, आणि ते कोणाचेच नाहीत किंवा सर्वांचे आहेत.

या पार्श्वभूमीवर आपली अर्पणगीते पाहिली, तर त्यांतील एक उणीव डोळ्यांत भरते. फुले, धूप, दीप, हृदय आणि तनमनधन या ठरीव साच्यातून ती फारशी बाहेर पडत नाहीत. भाव शुद्ध असतो, चाली गोड असतात. परंतु गाणारा कोण आहे आणि तो कोणत्या वर्षी गातो आहे, हे गीतावरून कळत नाही. सुकाळात आणि दुष्काळात, पगारदाराला आणि सालदाराला तेच गीत. वस्तुतः अर्पणाच्या प्रार्थनेत ख्रिस्तसभेने भूमीची उपज आणि माणसाचे श्रम यांचा मुद्दाम उच्चार केला आहे. भाकरीमागे नांगर आहे, पाऊस आहे, मजुरी आहे, हे तेथे मानले आहे. गीताने ही भूमी व हे श्रम नावानिशी उचलावेत, तर ते त्यांना ओलांडून थेट फुलांकडे जाते. सर्वस्व वाहण्याची भाषा जितकी मोठी, तितके प्रत्यक्ष काय वाहिले हे विचारण्याचे कारण कमी उरते, हा या साच्याचा दुसरा दोष.

प्रवचनांतील दोष अधिक गंभीर आहे. दोन टोल्यांची कथा सहसा उदारतेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. गरीब विधवेने सर्वस्व दिले, मग आपण का हात आखडावा, असा तिचा निष्कर्ष निघतो. परंतु मार्कच्या शुभवर्तमानात ही कथा कोठे ठेवली आहे ते पाहावे. तिच्या लगेच आधी प्रभू येशू शास्त्र्यांविषयी सावध करतो. ते विधवांची घरे गिळतात आणि देखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करतात. तिच्या लगेच नंतर तो त्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असे सांगतो. मधोमध ही बाई आपली अखेरची उपजीविका त्याच मंदिराच्या भांडारात टाकते. तुम्हीही असेच करा, असे येशू कोठेही म्हणत नाही. अ‍ॅडिसन राइट या बायबलपंडिताने १९८२ साली हाच प्रश्न मांडला होता की, येशूचे हे उद्गार स्तुतीचे की शोकाचे? आमच्या मते त्यांत दोन्ही आहेत. बाईच्या विश्वासाची थोरवी आहे, आणि जी व्यवस्था तिच्या घरात पीठ आहे की नाही हे न विचारता तिच्या टोल्या स्वीकारते, तिच्यावर ठपका आहे. दुष्काळी वर्षी पहिला अर्थ सांगून दुसरा गाळला, तर प्रवचन नकळत त्या शास्त्र्यांच्या बाजूला जाऊन बसते.

सारफथच्या विधवेची कथा या अर्थाला पूरक ठरते. तेथे मागणारा एलिया स्वतः दुष्काळाने परागंदा झालेला आहे. ज्या ओहोळाचे पाणी तो पीत होता तो आटला आहे. विधवा परदेशी आहे. तिच्याजवळ मूठभर पीठ व थोडे तेल उरले आहे, आणि शेवटची भाकर करून मुलासह मरणाची वाट पाहावी, असे ती स्पष्टपणे बोलून दाखवते. उपासनेत असे बोलण्यास वाव आहे काय, हा आमचा प्रश्न आहे. एलिया तिला आधी आपल्यासाठी लहानशी भाकर करावयास सांगतो. पण पाऊस पडेपर्यंत मडक्यातले पीठ सरणार नाही, असे अभिवचनही देतो. पुढे ती, तिचे घरचे लोक आणि तो पाहुणा त्याच पिठावर दिवस काढतात. देणारी व घेणारा एका चुलीपाशी बसतात. यरुशलेमच्या भांडारात नाणे पडते आणि बाई गर्दीत नाहीशी होते. सारफथला भाकर दिली जाते आणि घर जगते. अनिश्चित काळात उदारतेची खूण कोणती, याचे उत्तर या दोन चित्रांच्या तुलनेत आहे.

अशी भाषा आपल्या मातीत उपलब्ध नाही, असे कोणी म्हणेल तर त्याने बहिणाबाई चौधरींकडे पाहावे. १८८० साली असोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, ऐन तारुण्यात वैधव्य आलेली ही खानदेशी शेतकरीण. ३ डिसेंबर १९५१ रोजी ती निवर्तली, आणि तिच्या मागे, १९५२ साली, पुत्र सोपानदेव यांच्या प्रयत्नाने व आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तिची गाणी ग्रंथरूपाने आली. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी अशी शेतीतली कामेच तिच्या गाण्यांचे विषय होतात. देवाची आठवण तिला कामाच्या मध्यावर होते, काम टाकून नव्हे. बियाणे मातीत घालणे हेच तिच्या लेखी विश्वासाचे कृत्य आहे, कारण घरात खाण्याजोगे धान्य असताना ते मातीच्या हवाली करावे लागते. ती ख्रिस्ती नव्हती, आणि तिला ओढूनताणून आपल्या मंदिरात आणण्याचे कारण नाही. परंतु कष्टाच्या वस्तूला उपासनेचे तेज कसे चढते, हे आपल्या गीतकारांनी तिच्यापासून शिकावे.

उदारता व कारभार यांचे नाते मराठी ख्रिस्ती साहित्यात एका ग्रंथाने अतुलनीय रीतीने दाखवले आहे, तो म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेली 'स्मृतिचित्रे'. रेव्हरंड टिळक कॅथलिक नव्हते. तरीही त्यांच्या भक्तिगीतांना मराठी ख्रिस्ती उपासनेत पंथांच्या पलीकडे मान आहे. या ग्रंथातील टिळक म्हणजे हातचे राखून न ठेवणारा दाता. पैसा त्यांच्यापाशी टिकत नाही, उद्याची चिंता त्यांना शिवत नाही. लक्ष्मीबाई मात्र चुलीपाशी उभ्या आहेत. घरी आलेल्या माणसाच्या पानात काय वाढावयाचे हे त्यांना पाहावे लागते. ग्रंथाची थोरवी अशी की, दोघांपैकी कोणालाही लेखिका खोटे पाडत नाही. टिळकांच्या मनस्वीपणाला ती हसते आणि त्यांच्या प्रीतीपुढे नमतेही. कारभारिणीवाचून दात्याची उदारता घराला उपाशी ठेवील, आणि दात्यावाचून कारभारीण केवळ किल्ल्या सांभाळील, हे सत्य येथे उपदेशाच्या एका वाक्यावाचून सिद्ध होते. आपल्या प्रवचनांत टिळकांचे गुण पुष्कळ गायले जातात. लक्ष्मीबाईंचा गुण ख्रिस्ती सद्गुण म्हणून क्वचितच ऐकू येतो.

ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या इतिहासात हे दोन्ही गुण एकत्र नांदताना दिसतात. क्लौद्य कैसराच्या काळी दुष्काळ पडणार असे कळले, तेव्हा अंत्युखियाच्या शिष्यांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे यहुदियातील बंधूंना मदत पाठवली. यरुशलेमसाठी निधी गोळा करताना संत पौलाने करिंथकरांना बजावले की, माणसाजवळ जे आहे त्यावरून देणे मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे. आणि एकाला आराम व दुसऱ्याला ओझे असा त्याचा हेतू नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास संत जस्टिन रोममधील रविवारच्या उपासनेचे वर्णन करतो. ज्यांची इच्छा व ऐपत असे ते देत, आणि अध्यक्षस्थानी असलेला ते अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्यासाठी खर्च करी. आजचा मिस्साविधीही गरिबांसाठी व ख्रिस्तसभेसाठी आणलेल्या देणग्या स्वीकारतो. म्हणजे पिशवीची वाट वेदीपाशी संपत नाही. ती पुढे कोणाच्या तरी घराकडे जाते. ही पुढची वाट दिसेनाशी झाली की अर्पणाचे दान होते, आणि दानाची वर्गणी होते.

तेव्हा आमची अपेक्षा काय? गीतकारांनी अर्पणगीतांत बाजरीचे कणीस व कपाशीचे बोंड येऊ द्यावे, आणि एखादे कडवे रिकाम्या हातांसाठीही लिहावे. प्रवचनकारांनी दोन टोल्यांची कथा आधीच्या व नंतरच्या ओळींसह सांगावी. धर्मग्रामाने जमेबरोबर खर्चाचाही हिशेब त्याच मंदिरात वाचून दाखवावा, कारण हिशेब देणे हा कारभाऱ्याच्या उपासनेचाच भाग आहे. आणि ज्या कुटुंबाचे पीक गेले, त्याला मान खाली न घालता मागता यावे, अशी व्यवस्था असावी. खानदेशात आपला समाज विरळ व विखुरलेला आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताचा विस्तार पाच जिल्ह्यांचा. अशा ठिकाणी एका कुटुंबाची अडचण दुसऱ्याच्या कानी पडण्याची जागा बहुधा रविवारचे मंदिर हीच असते.

पारोळ्याच्या एखाद्या शेतकऱ्याने दुष्काळी नोव्हेंबरात पिशवी पुढे आल्यावर काहीच टाकले नाही, आणि तरीही आपण या अर्पणात सामील आहोत असे त्याला वाटले, तर ती उपासना खरी. त्याच्या शेजारी बसलेल्याने मिस्सानंतर पीठ कितपत उरले आहे हे विचारले, तर ती पूर्ण.